हायड्रालाझिन चालू असताना सांधे धरले, तर थांबायचं की आजच निघायचं?

बीपीच्या नेहमीच्या गोळ्या पुरेनात किंवा क्रिएटिनीन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) वाढलेलं असलं, की हायड्रालाझिन लिहिली जाते. २५ किंवा ५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, कारण तिचा अंमल काही तासच टिकतो. बहुतेकांना ती सोसते. काहींच्या बाबतीत मात्र शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते, आणि तेही दोन तऱ्हांनी. एक, औषधाने झालेला ल्युपस, म्हणजे संरक्षण यंत्रणेने सांधे आणि इतर अवयवांवर केलेला हल्ला. दुसरा, बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. पहिल्यात दोन-चार दिवसांनी ओपीडी गाठली तरी सहसा बिघडत नाही. दुसऱ्यात तेवढ्या दिवसांत किडनी हातची जाऊ शकते. पंचाईत अशी, की सुरुवात दोन्हींची सारखीच असते: कणकण, थकवा, सांधेदुखी, वजन उतरणं.

ल्युपस तुलनेने नेहमीचा. रोजचा डोस २०० मिलिग्रॅमच्या वर गेला, की त्याची शक्यता बरीच वाढते. बायकांना तो अधिक होतो, आणि ज्यांचं यकृत हे औषध सावकाश निकामी करतं त्यांनाही. बोटं, मनगटं, गुडघे दुखतात, श्वास घेताना छातीत चमक निघते. किडनी सहसा वाचते. गोळी बंद केली की काही आठवड्यांत माणूस सावरू लागतो.

व्हॅस्क्युलायटिस विरळा, पण दांडगा. गोळी सुरू होऊन महिने, कधी कित्येक वर्षं लोटलेली असतात, म्हणून गोळीवर संशयच जात नाही. ‘पाच वर्षं घेतोय, काही झालं नाही’ हा इथे दिलासा नव्हे. पायांवर दाबूनही न फिकटणारे लालजांभळे ठिपके उठतात, लघवी फेसाळते किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची होते, थुंकीतून रक्त पडतं. फुप्फुसात रक्त झिरपत असताना खोकल्यातून थोडंच बाहेर येतं. खरी खूण म्हणजे काही दिवसांत घसरलेलं हिमोग्लोबिन आणि वाढलेली धाप.

आपल्या भागात, बेळगावच्या आसपास, फसगत होते ती इथेच. निपाणीकडे विडी ओढणाऱ्याच्या थुंकीत रक्त दिसलं, की घरच्यांच्या मनात आधी टीबी येतो. खानापूरच्या भातशेतीत चिखलात उभ्या राहणाऱ्याला पावसाळ्यात ताप, धाप आणि वाढलेलं क्रिएटिनीन असेल, तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका येते, आणि ती रास्तही आहे. दोन्हींच्या तपासण्या व्हाव्यातच. पण तोवर लघवीची तपासणी थांबवून ठेवू नये.

निवाडा बराचसा लघवीच करते. सकाळची ताजी लघवी, स्वच्छ बाटलीत, दोन तासांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली. गावातून सकाळी दिलेला नमुना दुपारच्या एसटीने बेळगावला पोचला, तर लाल पेशींचे साचे (किडनीच्या बारीक नळ्यांत घट्ट बसून बनलेल्या गुठळ्या, किडनीच्या दाहाची खूण) तोवर विरून जातात आणि रिपोर्ट उगीच निर्धास्त करतो. त्यापेक्षा माणसानेच लॅबमध्ये जाऊन नमुना द्यावा. लघवीत प्रथिनं आणि लाल पेशी दोन्ही आल्या, किंवा क्रिएटिनीन मागच्या रिपोर्टपेक्षा चढलं, तर त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांकडे. थुंकीत रक्त किंवा धाप असेल, तर लघवीच्या रिपोर्टचीही वाट पाहू नये, थेट तातडीच्या विभागात जावं.

रक्ताच्या तपासण्या एवढ्या सरळ बोलत नाहीत. एएनए आणि अँटी-हिस्टोन या स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी दोन्ही आजारांत पॉझिटिव्ह येतात. पांढऱ्या पेशींतल्या घटकावर उलटणारी एमपीओ अँटिबॉडी खूप वाढलेली असली, की पारडं व्हॅस्क्युलायटिसकडे झुकतं. सोबत तशीच दुसरी, पीआर३ही आली, तर औषधाचा संशय बळावतो. हे रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि किडनी झपाट्याने बिघडत असेल तर उपचार त्यांच्यासाठी अडत नाहीत. बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) ठरली तर आधी बीपी आटोक्यात हवं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगायला हवं.

उपचारांतला फरकही मोठा. ल्युपसमध्ये गोळी बंद करणं हाच बहुतेक वेळा मुख्य उपाय. व्हॅस्क्युलायटिसमध्ये किडनी किंवा फुप्फुस धरलं असेल, तर तेवढ्याने भागत नाही: स्टेरॉइडची सलाइनमधून इंजेक्शनं, बहुधा तीन दिवस, मग तोंडाने, जोडीला संरक्षण यंत्रणा दाबणारं रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड. दोन्हींत सांध्यांसाठी परस्पर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेणं वाईटच; ते किडनीला मारतं आणि बीपी चढवतं.

मग हायड्रालाझिनच्या जागी काय? अ‍ॅम्लोडिपिन किडनीला सोसते, पण घोटे सुजवते. टेल्मिसार्टन लघवीतली प्रथिनं कमी करते, मात्र पोटॅशियम आणि क्रिएटिनीन एक-दोन आठवड्यांनी पाहावंच लागतं. किडनी ऐन बिघडत असताना ती सहसा टाळतात. प्राझोसिनच्या पहिल्या डोसला उठताना घेरी येते, म्हणून ती रात्री झोपताना. क्लोनिडिनबाबत आमचं मत स्पष्ट आहे: गोळ्या चुकवणाऱ्याला ती देऊच नये, एकदम तुटली की बीपी उसळतं. हायड्रालाझिन बंद करतानाही बाकीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

आणि एकदा हा त्रास झाला, की हायड्रालाझिन कमी डोसातही पुन्हा नको. हृदयाच्या रुग्णांना ती आयसोसॉर्बाइडसोबत एकाच गोळीतही मिळते, तेव्हा पाकिटावरचे दोन्ही घटक वाचावेत. एक फाइल बेळगावात, दुसरी मिरजेला किंवा कोल्हापुरात असेल, तर ‘हायड्रालाझिन नको’ हे दोन्हींच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहावं, मराठीत आणि कन्नडमध्येही.