हाताने फिरवायच्या ड्रममध्ये घरी कॉफी भाजणे : आठेक महिन्यांचा अनुभव

संक्रांतीच्या सुमारास गॅसच्या शेगडीवर ठेवून हाताने फिरवायचा स्टीलचा कॉफी रोस्टर घेतला. आता गणपती होऊन गेलेत आणि मधल्या काळात घरात विकतची भाजलेली कॉफी जवळजवळ आलीच नाही. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय : यंत्र साधं असलं तरी निभावतं, दाणा हलक्या प्रतीचा असला तर काहीच निभावत नाही. त्यामुळे यंत्राबद्दल सांगतोच, पण हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या दाण्यांबद्दल जास्त सांगणार आहे.

यंत्र म्हणजे जाळीदार ड्रम, खाली चौकट आणि एका बाजूला लाकडी मूठ. खोक्यावर क्षमता पाव किलो लिहिलीय, पण मी दीडशे ग्रॅमच्या वर भरत नाही. ड्रम जास्त भरला की दाणे नीट उलटत नाहीत आणि काही करपतात तर काही कच्चे राहतात. दीडशे ग्रॅम कच्च्या दाण्यांचे भाजून सव्वाशे-एकशे तीस ग्रॅम होतात, कारण पाणी उडतं आणि फोलपटं निघतात. आम्हा दोघांना ते चारेक दिवस पुरतात.

मध्यम आचेवर रिकामा ड्रम तापवायचा, दाणे टाकायचे आणि मग हात थांबवायचा नाही. सुरुवातीला ओल्या गवताचा वास येतो. दाणा पिवळा पडला की तो वास जातो आणि भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूस वास सुटतो. मग बदामी, मग तपकिरी, आणि माझ्या शेगडीवर नवव्या मिनिटाच्या आसपास पहिली तडतड सुरू होते. आतल्या वाफेचा दाब वाढून दाणा फुटतो आणि फुगतो. त्या वेळी दाण्याचं तापमान 195 ते 200 अंश सेल्सिअसच्या घरात असतं. लाह्या फुटतात तसा मोकळा, ठळक आवाज येतो. इथून पुढचे दोन-अडीच मिनिटं सगळा खेळ ठरवतात. पोअर-ओव्हरसाठी (कागदी गाळणीतल्या पुडीवर गरम पाणी ओतून करायची काळी कॉफी) हवी असेल तर मी तडतड विरत आली की लगेच उतरवतो, म्हणजे फळाचा आंबटगोडपणा शिल्लक राहतो. आईला लागते ती दुधातली फिल्टर कॉफी. त्यासाठी दाणे आणखी गडद होऊ देतो, पण दुसरी तडतड सुरू व्हायच्या बेतात असतानाच गॅस बंद करतो. दुसऱ्या तडतडीचा आवाज बारीक, चिरचिरा असतो. ती पूर्ण होऊ दिली की दाण्यावर तेल येतं आणि मग चिकमगळूर काय नि कुर्ग काय, सगळं एकाच कडू चवीचं लागतं.

या ड्रमला तापमापक नाही. बाहेरून रोखून धरायचे इन्फ्रारेड तापमापक मिळतात, पण ते पत्र्याचं तापमान सांगतात, दाण्याचं नाही. त्यामुळे घड्याळ, नाक आणि कान यांच्यावरच भिस्त. महिन्याभरात ते अंगवळणी पडतं.

भाजण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते गार करणं. उतरवल्यानंतरही दाणा आतल्या उष्णतेने भाजतच राहतो, म्हणून चार मिनिटांच्या आत तो हाताला सोसवेल इतका गार झाला पाहिजे. मी स्टीलच्या मोठ्या चाळणीत दाणे ओतून टेबलफॅनसमोर हलवतो आणि मग सुपात घेऊन गॅलरीत पाखडतो. पाखडायला सुपासारखं दुसरं काही नाही. फोलपटं दोन झटक्यांत उडतात आणि कुंड्यांतल्या मातीत जिरतात.

आता तक्रारी. ड्रमचं दार आणि कड यांच्यामध्ये बारीक फट आहे. तिथे दरवेळी दोन-तीन दाणे अडकतात, करपतात आणि सगळ्या घाण्याला धुरकट वास लावतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दांड्याचा बुश झिजून ड्रम डगमगायला लागला. विकणाऱ्याकडे सुटा भाग मागितला तर आधी आठवडाभर उत्तर नाही आणि मग ‘नवीन सेट घ्या’. शेवटी ओळखीच्या लेथवाल्याने पितळी बुश करून दिला आणि तो आजवर उत्तम चाललाय. फोलपटं बर्नरच्या भोकांत पडतात, त्यामुळे दर भाजणीनंतर शेगडी पुसायला लागते. धूर होतोच. चिमणी किंवा एक्झॉस्ट नसलेल्या स्वयंपाकघरात गडद भाजणी करू नये, घरातल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरतात.

आता दाण्यांकडे येतो. मी बहुतेक माल चिकमगळूर भागातल्या मळ्यांकडून मागवतो. फेब्रुवारीत तिकडे जाऊनही आलो. सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल, मधे फणस, पांगारे आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं. कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी अरेबिकाची तोडणी सरत आली होती, रोबस्टाची चालू होती. पिकलेली लाल फळं तेवढीच हाताने तोडायची, त्याच दिवशी साल काढायची, बुळबुळीत गर आंबवून धुवायचा आणि मग अंगणात पसरून सारखं वरखाली करत वाळवायचं. दाण्यातली ओल दहा-अकरा टक्क्यांवर आली की पोती भरायची. एक किलो हिरवा दाणा मिळवायला साधारण सहा किलो फळं लागतात. हे डोळ्यांनी पाहिल्यापासून मी भावात घासाघीस करत नाही.

मागवताना पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका, ‘अरेबिका चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. रोबस्टा धुतलेली असेल तर ‘रोबस्टा पार्चमेंट’. पुढचं ए, बी, सी हे दाण्याच्या आकारावर ठरतं, चवीवर नाही, हे नव्याने घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरलेला. या ड्रमसाठी पीबेरी मला सगळ्यांत आवडते. ती छान गडगडते आणि चहूबाजूंनी सारखी भाजली जाते. जातींमध्ये एस. 795 पासून सुरुवात करा. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राची ही 1940च्या दशकातली जात, अजूनही भरपूर लावली जाते, आणि तिची मसालेदार, भरीव चव दुधातही हरवत नाही.

दाणे आले की परातीत पसरून तांदूळ निवडतात तसे निवडतो. काळे पडलेले, फुटके आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेले दाणे बाजूला काढायचे. ते भोक फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. भाजून झाल्यावर पुन्हा एकदा निवडायचं, कारण कच्च्या फळातले दाणे हिरवे असताना ओळखू येत नाहीत. सगळे तपकिरी झाले तरी ते फिकट, मातकट पिवळेच राहतात. त्यांना क्वेकर म्हणतात. एक चावून बघा : कोरडी, कागदी चव, गोडवा अजिबात नाही. एका कपात असे तीन-चार दळले गेले तरी कॉफी बेचव होते. चांगल्या मळ्याच्या मालात ते क्वचित सापडतात, म्हणून कुठल्याही नव्या विक्रेत्याचा माल मी या एका गोष्टीवर जोखतो.

मान्सून्ड मलबार, म्हणजे मुद्दाम पावसाळी हवेत मुरवलेले कॉफीचे दाणे, यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला (केपला) वळसा घालून युरोपात जाताना दाणे महिनोन्‌महिने खारी, दमट हवा पीत, फुगत आणि पिवळे पडत. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, पुढे वाफेची जहाजं आली आणि प्रवास आटोपशीर झाला, पण तिकडच्या लोकांना सवय जुन्या चवीची. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देऊ लागले. दाणा फिकट सोनेरी, हलका आणि पोकळसर होतो, आंबटपणा जवळपास जातो. भाजताना मात्र धीर हवा. आच नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवा, नाहीतर वरून डाग पडतात. पहिली तडतडही इतकी दबकी असते की मिक्सर चालू असेल तर ऐकू येत नाही. ज्यांना काळी कॉफी आंबट लागते त्यांनी हीच घ्यावी. माझ्या वडिलांनी साखर सोडली ती या दाण्यावर.

गोदामातला तो पावसाळा जाणूनबुजून आणि देखरेखीखाली केलेला असतो. आपल्या घरातला पावसाळा दाण्यांचं नुकसानच करतो. जुलैत पिशवी उघडी राहिली तर दाणे सादळतात, मग पांढुरके पडतात आणि कपात गोणपाटाची चव उतरते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नवीन पिकाचा माल आला की मी दोन-तीन किलोच घेतो, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरतो आणि ओट्यापासून लांब ठेवतो. भाजलेल्या दाण्यांना तीन-चार दिवस विसावा द्या. त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो आणि तो पुरेसा निघाल्याशिवाय चव खुलत नाही. फिल्टरसाठी दोन दिवसही पुरतात.

खर्चाचं विचाराल तर वजनातली घट धरूनही चांगली कॉफी मला भाजलेल्या पाकिटाच्या निम्म्याच्या आसपास पडते, गॅस आणि अर्धा-पाऊण तास वेगळा. ज्यांच्याकडे कॉफी दळायचं यंत्र नाही त्यांनी आधी ते घ्यावं, रोस्टर नंतर. आणि ज्यांना दर महिन्याला अगदी एकसारखी चव हवी त्यांना हा हातड्रम मानवणार नाही.

आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. तिथले न भाजलेले दाणे थेट, चालू हंगामाचे आणि वॉश्ड (धुतलेले) की नॅचरल (फळासकट वाळवलेले) हे सांगून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा, पुढच्या हंगामात मागवायचे आहेत.