स्तनाला लावायची पूरक दुधाची नळी: ३५ रुपयांची आणि ४,००० रुपयांची

माझी मुलगी सदतीस आठवडे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना सिझेरियनने जन्मली. जन्मवेळी तिचे वजन २,६४० ग्रॅम होते आणि सहाव्या दिवशी तपासणीला नेले तेव्हा ते २,३४० भरले. नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटतेच, पण घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली की डॉक्टर कारण शोधू लागतात आणि आमची घट ११ टक्क्यांहून अधिक होती. दिवसभरात चारच लंगोट ओले होत होते. बाळ छातीला लावले की पाच मिनिटांत झोपी जायचे आणि मी ते दूध पिऊन तृप्त झाले असे समजत होते. बाळंतपण झाले तेथे पहिल्याच रात्री, मी भुलीच्या गुंगीत असताना, तिला बाटलीने पावडरचे दूध पाजले गेले होते आणि पुढचे तीन दिवसही तेच चालू राहिले. बाटलीतून आपोआप ओघळणाऱ्या दुधाची सवय लागलेले, मुळात थोडे आधी जन्मलेले बाळ स्तन जोर लावून ओढेना, आणि ते ओढत नाही म्हणून दूध वाढेना.

बालरोगतज्ज्ञांनी वरचे दूध लगेच सुरू करायला सांगितले आणि ते योग्यच होते. त्यांनीच आम्हाला स्तनपान सल्लागार बाईंकडे पाठवले. बाईंनी आधी बाळाचे वजन केले, मग मला २५ मिनिटे पाजायला लावले आणि तेच कपडे अंगात असताना पुन्हा वजन केले. फरक भरला १८ ग्रॅमचा, म्हणजे एवढ्या वेळात बाळाच्या पोटात तेवढेच दूध गेले होते. त्यानंतर त्या म्हणाल्या, "ताई, वरचे दूध द्यायचेच आहे, पण ते अंगावरच देऊ."

त्यासाठी जे साधन लागते त्याची दोन रूपे मी सात आठवडे वापरली. बाळंतिणीच्या खोलीत या साधनांविषयी कोणी बोलताना मी ऐकले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कल्पना अगदी सरळ आहे. दुधाच्या भांड्यातून निघालेली एक बारीक नळी स्तनाग्रापर्यंत आणून चिकटवायची आणि स्तनाग्र व नळीचे टोक दोन्ही एकत्र बाळाच्या तोंडात द्यायचे. बाळ ओढते तेव्हा त्याला आईचे दूध मिळते आणि त्याच घोटात नळीतलेही. पोट भरत असल्यामुळे बाळ झोपी न जाता ओढत राहते. त्या ओढण्यामुळे आईच्या शरीरात दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते, ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो आणि छाती जितकी रिकामी होईल तितके दूध नव्याने तयार होते. बाटलीने पाजले तर बाळाचे पोट भरते, पण आईच्या छातीला कोणताही निरोप पोहोचत नाही. या एका फरकासाठी या साधनाची सगळी खटपट करायची असते.

पहिले बारा दिवस मी औषधाच्या दुकानातले साहित्य वापरले. ६ नंबरची फीडिंग ट्यूब ३५ रुपयांना मिळाली. सोबत २० मिलीची सिरिंज आणि त्वचेला चालणारी कागदी चिकटपट्टी घेतली. ही ट्यूब मूळची रुग्णालयात बाळाच्या पोटात दूध सोडण्यासाठी असते, त्यामुळे दुकानदाराने कोणते बाळ आजारी आहे असे काळजीने विचारले आणि लगेच शेल्फवरची दुधाची बाटलीही काढून समोर ठेवली. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण बाटली जाहिरातीवाचूनही प्रत्येकाच्या हाताशी असते आणि ही नळी मात्र विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, तिच्या तोंडाला ट्यूब जोडायची आणि वरून दूध ओतायचे. नळीचे टोक स्तनाग्राच्या टोकाशी किंवा किंचित पुढे येईल असे धरून एरोलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, वर पट्टी लावायची, म्हणजे नळी बाळाच्या वरच्या ओठाच्या मधोमध आत जाते. टोक फार पुढे गेले तर बाळाच्या टाळूला टोचते आणि मागे राहिले तर दूध हिरडीवर सांडते. हे दोन-तीन मिलिमीटर जुळायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी आई सिरिंज धरून माझ्या शेजारी बसली होती. बाळाने ओढले आणि पारदर्शक नळीतून दुधाची पांढरी रेघ हळूहळू खाली सरकत बाळाच्या ओठांपर्यंत आली. आणखी एक घोट, आणि सिरिंजमधली पातळी एका रेघेने उतरली. आई म्हणाली, "अगं, घोट ऐकू येतोय बघ." सहा दिवसांत तो आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतो.

प्रवाह किती वेगाने यावा हे सिरिंजच्या उंचीवर ठरते. ती खांद्याजवळ धरली की दूध सहज येते, स्तनाच्या पातळीला आणली की बाळाला ओढावे लागते आणि त्याहून खाली नेली की जवळजवळ थांबते. बाळाने ठसका दिला किंवा दूध ओठांच्या कडेने येऊ लागले की सिरिंज लगेच खाली घ्यायची. दट्ट्या लावून दूध आत ढकलायचे नाही, हे सल्लागार बाईंनी दोनदा बजावले होते. पंधरा-वीस मिनिटांत ३० मिली दूध संपावे, अशा बेताने आम्ही उंची ठेवत होतो. दिवसातून आठ वेळा, म्हणजे एकूण २४० मिली.

या रचनेची उणीव अशी की सिरिंज धरायला दुसरा माणूस लागतो. दिवसा आई असायची, रात्री माझे यजमान उठायचे, पण ते कामावर परतल्यावर मी सिरिंजऐवजी वाटी वापरू लागले. ट्यूबचे रुंद टोक दुधाच्या वाटीत बुडवून वाटी उशाशेजारच्या स्टुलावर ठेवायची. वाटीतून दूध वर चढवायला बाळाला अधिक जोर लागतो, म्हणून अशक्त बाळासाठी ही पद्धत पहिल्या आठवड्यात चालली नसती. आणखी एक गोष्ट म्हणजे ट्यूबच्या पाकिटावर ती एकदाच वापरण्यासाठी असल्याचे छापलेले असते. आम्ही डॉक्टरांना विचारून रोज सकाळी नवी ट्यूब घ्यायचो आणि प्रत्येक पाजण्यानंतर लगेच, दूध आत सुकण्यापूर्वी, आधी साध्या पाण्याने, मग साबणाच्या कोमट पाण्याने आणि शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने सिरिंजच्या साहाय्याने धुवायचो. बारा दिवसांच्या ट्यूबांचा खर्च ४२० रुपये झाला.

जन्मानंतर तेराव्या दिवशी वजन २,५२० होते आणि अठराव्या दिवशी २,६५०, म्हणजे जन्माचे वजन ओलांडले. पण माझे दूध अजून पुरेसे वाढले नव्हते आणि पूरक दूध आणखी काही आठवडे लागणार हे स्पष्ट झाले, तेव्हा तयार संच मागवला. तो परदेशी बनावटीचा आहे आणि मला ४,००० रुपयांच्या आसपास पडला. १५० मिलीची मऊ बाटली दोरीने गळ्यात उलटी अडकवायची, तिच्या झाकणातून दोन बारीक नळ्या निघतात आणि त्या दोन्ही बाजूंना आधीच चिकटवून ठेवायच्या. एका बाजूचे पाजून झाले की पुन्हा पट्टी लावत बसावे लागत नाही. नळ्या तीन जाडीच्या येतात. जाड नळीने सुरुवात करून दूध वाढेल तसे बारीक नळीकडे जायचे असते. दुसरी नळी झाकणाच्या खाचेत दाबून ठेवली की प्रवाह मंदावतो आणि मोकळी सोडली की वाढतो. बाळाने ओढले की बाटलीत बारीक बुडबुडे उठतात, ते थांबले म्हणजे बाळ नुसते चोखत आहे हे कळते. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि रात्री अडीच वाजता एकटीने पाजणाऱ्या आईला याहून मोठी सोय दुसरी नाही.

तरीही मी हा संच सरसकट सुचवणार नाही. त्याच्या नळ्या रुग्णालयातल्या ट्यूबपेक्षाही बारीक आणि नाजूक असतात, धुताना ताणल्या तर झाकणातून निसटतात, आणि सुट्या नळ्या मला कुठेच मिळाल्या नाहीत. पावडरचे दूध जराही गुठळीदार राहिले की सर्वांत बारीक नळी तुंबते. आम्ही ते स्वच्छ गाळणीतून गाळून घेत होतो. माहितीपत्रक चार भाषांत होते, पण त्यांत मराठी किंवा हिंदी नव्हती. सल्लागार बाईंनी एकदा समोर बसून लावून दाखवले नसते तर हा संच मी दोन दिवसांत कपाटात ठेवून दिला असता. पूरक दूध दोन आठवड्यांहून कमी काळ लागणार असेल तर औषधाच्या दुकानातली ट्यूब पूर्ण पुरेशी आहे. महिना-दीड महिना लागणार असेल आणि घरात सिरिंज धरायला माणूस नसेल, तर मात्र हे ४,००० रुपये सार्थकी लागतात. मूल दत्तक घेतलेल्या आणि औषधोपचाराने दूध आणू पाहणाऱ्या आईलाही असा संच अनेक महिने साथ देऊ शकतो.

नळीतून कोणते दूध द्यायचे हाही प्रश्न येतोच. पहिला मान आईच्याच काढलेल्या दुधाचा. प्रत्येक पाजण्यानंतर मी दहा मिनिटे पंपाने दूध काढायचे आणि ते पुढच्या वेळी नळीतून जायचे. त्यानंतर दूधपेढीतले, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. अशा पेढ्यांतले दूध प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी राखलेले असते, म्हणून आम्ही ते मागितले नाही. उरलेली तूट डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पावडरच्या दुधाने भरली. पावडरीसाठी पाणी उकळून किमान ७० अंश तापमानाला असतानाच मिसळावे आणि मग गार करावे, कारण पावडर निर्जंतुक नसते, ही सूचना फार थोड्या घरांत पाळली जाते.

आता आमच्याच घरातल्या एका जुन्या साधनाविषयी. आईने पेटीतून माझ्या लहानपणीचे चांदीचे बोंडले काढले होते. त्याची बंद चोच आतून घासता येत नाही, म्हणून ते आम्ही वापरले नाही, पण त्याच घडणीची उघड्या चोचीची स्टीलची पळी, जिला नवजात विभागात पलाडाई म्हणतात, ती मात्र खूप उपयोगी पडली. बाळाला थोडे उठते धरून चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि बाळ जीभ लावून घेईल तेवढेच दूध घेऊ द्यायचे, तोंडात ओतायचे नाही. माझी छाती दुखावली होती त्या दोन रात्री यजमानांनी पळीनेच पाजले. जे बाळ छातीला लागतच नाही किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मल्यामुळे ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ ज्याला जमत नाही, त्याला नळीपेक्षा पळी बरी, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. पळी उकळता येते, तिचे भाग सुटत नाहीत, ती तुंबत नाही. तिने आईचे दूध मात्र वाढत नाही.

घरातल्या मोठ्यांना नळी पाहून आधी वाईट वाटले. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, अळिवाची खीर खा, शतावरी घे, हे काय रुग्णालयासारखे लावलेस?" मी त्यांना बाटलीतले बुडबुडे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः नळ्या धुऊ लागल्या, आणि खीरही आणली, ती मी आनंदाने खाल्ली.

नळी सोडवण्याचे वेळापत्रक सुरुवातीपासून डोळ्यांसमोर हवे, कारण काही बाळे स्तन नीट न धरता नळीच पेयाच्या स्ट्रॉसारखी ओढायला शिकतात. चौथ्या आठवड्यापासून आम्ही आधी नळी बंद ठेवून पाजायचो आणि बाळ मंदावले की उघडायचो. दर तीन दिवसांनी पूरक दूध थोडे कमी करायचे, रोज किमान सहा लंगोट ओले होतात हे पाहायचे आणि आठवड्याला वजन करायचे. वजन दिवसाला सरासरी २५ ग्रॅमने वाढत राहिले तरच पुढची कपात. हा वजनकाटा नसता तर नळी कधी लावायची आणि कधी काढायची यातले काहीच आम्हाला ठरवता आले नसते. सातव्या आठवड्यात एका दुपारी मी बाटलीत २० मिली दूध घातले, नळ्या चिकटवल्या, बाळ दोन्ही बाजूंना पिऊन झोपले आणि २० मिली तसेच राहिले. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले, तेव्हा संच उकळून डब्यात ठेवला.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी त्यांच्या भाचीसाठी तो मागितला. एका आईने वापरलेल्या नळ्या दुसरीने वापरू नयेत म्हणून मी तो दिला नाही. कागदावर लिहून दिले: ६ नंबरची फीडिंग ट्यूब, २० मिलीची सिरिंज, कागदी चिकटपट्टी, आणि त्याच दिवशी बाळाचे वजन.