वीस खिशांचं कापडी वाचनालय : अंबाजोगाईत शिवून घेतलेलं

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. जाड मांजरपाटाचा चार फूट रुंद आणि साडेचार फूट लांब पट्टा. त्यावर पाच-पाच खिशांच्या चार ओळी. वर आणि खाली नेफा, नेफ्यात कळकाची काठी, वरच्या काठीला सुतळी. भिंतीत दोन खिळे असले किंवा झाडाला एक धड आडवी फांदी असली की वाचनालय उघडलं. पुस्तकं काढून गुंडाळलं की एसटीत मांडीवर मावतं. शिलाई आणि कापड धरून 900 रुपये पडले.

शिवणाऱ्या ताई मंडी बाजाराच्या मागच्या बाजूला राहतात. शाळेचे गणवेश, पेटीकोट, पिशव्या हे त्यांचं रोजचं काम. नाव छापू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नका बाई, लोक येतील अन् माझ्या हातानं होणार न्हाई." म्हणून नाव देत नाही. आपल्या गावात गणवेश शिवणारं कुणीही हे शिवू शकेल. त्यासाठीच इतकं तपशिलात लिहिते आहे.

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. छापून आलेली पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, पण लेखकाला मिळणाऱ्या प्रती आणि वर्षानुवर्षं विकत घेतलेली इतरांची पुस्तकं यांनी घरातला माळा भरलाय. ती घेऊन आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जायचं, हा माझा उद्योग. कापडी वाचनालय ही कल्पना माझी नाही. संस्थांच्या कार्यक्रमांत, काही शाळांत ती पूर्वीपासून आहे. मला ती हवीशी का वाटली ते मात्र सांगते.

मुलांच्या चित्रपुस्तकाला पाठ नसते. सोळा नाहीतर चोवीस पानं, मधोमध दोन पिना. असं पुस्तक कपाटात उभं केलं की दिसते ती कागदाची एक रेघ. कोणतं पुस्तक कोणतं, हे लिहिणाऱ्या मलासुद्धा ओळखू येत नाही, मग दुसरीतल्या पोराला काय येणार? मोठ्या माणसांच्या जाड पुस्तकांसाठी केलेल्या कपाटात आपण ही पुस्तकं कोंबतो आणि वर म्हणतो, मुलं वाचत नाहीत. त्यातून कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. त्यांनाही पूर्ण दोष देता येत नाही. साठा रजिस्टरला नोंद असते, फाटलेल्या पुस्तकाचा जाब कोण देणार? 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं बाहेर येतात, फोटो निघतात, संध्याकाळी परत कुलूप. असं मी एकाहून जास्त शाळांत पाहिलंय.

खिशात मुखपृष्ठ समोर दिसतं, सगळा फरक तिथं पडतो. ज्याला अजून अक्षर लागत नाही त्यालाही वाघाचं पुस्तक कुठलं ते कळतं. कुणाला विचारावं लागत नाही, उठायचं आणि घ्यायचं.

आता शिलाईबद्दल. ताईंनी आधी जे शिवून दिलं त्यात खिसे पुस्तकाएवढेच खोल होते. पुस्तक आत गेलं की गडप, वर नुसतं नावाच्या मात्रा-वेलांट्या दिसायच्या. मी म्हटलं, खिसा अर्धा करा. त्यांचं म्हणणं, "पडंल ना मग पुस्तक." नाही पडत. पाच इंच खोल खिसा पुरतो, वरच्या काठाला अर्धा इंच इलॅस्टिक घातलं की पुस्तक ताठ उभं राहतं. खिशाला पुढून काय लावायचं यावरही आमची बरीच चर्चा झाली. पारदर्शक प्लास्टिक दुकानात झकास दिसतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत ते टिकत नाही. पिवळं पडतं, कडक होतं आणि घडीवर तडकतं. शिवाय उजेड पडला की चकाकतं आणि चित्र दिसतच नाही. शेवटी मच्छरदाणीची जाळी लावली. त्यातही खुबी आहे. पांढऱ्या जाळीतून चित्र धुकट दिसतं, काळ्या जाळीतून स्वच्छ. हे ताईंनीच दोन्ही तुकडे पुस्तकावर धरून दाखवलं. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, त्या मात्र आयुष्यभर कापडाकडेच बघत आल्यात.

काठी पहिल्यांदा बारीक होती. एका खिशात दोन-दोन पुस्तकं धरली तर चारेक किलो वजन होतं, त्यानं मधोमध पोक आलं. जाड कळक घातल्यावर प्रश्न मिटला. शिलाई दुहेरी आहे, आणि मुलांनी खिशाला धरून लोंबकळून पाहिलं तरी उसवलेली नाही. हा प्रयोग मी सांगितला नव्हता, त्यांनी आपणहून केला.

अंबाजोगाईच्या माणसाला कापड आणि पुस्तक यांचं नातं नवं वाटायला नको म्हणा. इथले संतकवी दासोपंत यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात पंचीकरणावरचं, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली या तत्त्वज्ञानावरचं लेखन कागद सोडून चक्क पासोडीवर केलं. जवळपास 40 फूट लांब खादीचं कापड, आणि त्यावर ओळी, आकृत्या. ती पासोडी आजही गावात आहे. ताईंना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "जोड कुठं दिलाय?"

आता मला यातून काय मिळतं ते. लेखक म्हणून पुस्तक कसं चाललंय हे कळायची आपल्याकडे सोय फार थोडी. प्रकाशकाचा हिशोब वर्षातून एकदा येतो, आणि तो वाचून गोष्टीबद्दल काहीच कळत नाही. इथं मात्र समोर बसलं की दिसतं, कोणता खिसा आधी रिकामा होतो. गिऱ्हाइकं रोखठोक असतात. प्राण्यांची पुस्तकं पहिल्या झटक्यात जातात, भुताचं एखादं असलं तर त्यावरून मारामारी. संस्काराची म्हणून जी पुस्तकं मोठी माणसं देणगी देतात ती मागच्या खेपेला जिथं ठेवली तिथंच सापडतात. माझी स्वतःचीही कधी कधी तिथंच असतात. सुरुवातीला वाटलं वरच्या ओळीत हात पोचत नसेल, म्हणून खाली आणली. एक खालीही राहिलं. त्याचं मुखपृष्ठ करडं आणि उदास आहे. मला ते फार कलात्मक वाटलं होतं, मुलांना वाटलं नाही, आणि आता मलाही वाटत नाही.

पण शेळीचं पुस्तक हटकून जातं. एका गावात तिसरीतली एक मुलगी ते घेऊन भिंतीशी बसली, पुरं वाचलं, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, ही गोष्ट तुमी लिव्हली?"

"हो गं."

"शेळी कुठली हाय ही?"

"इथलीच, आपल्याकडची."

"मंग पांढरी कामून हाय?"

मी पुस्तक हातात घेऊन नीट पाहिलं. चित्रकार शहरातले, उत्तम हात, पण शेळी काढली ती पांढरीधोप आणि दाढीवाली. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते. ज्या मुलीच्या दारात तशा चार बांधलेल्या आहेत तिला कोण फसवणार? पुढं ती म्हणाली, "गोष्ट खरी हाय. चित्र खोटं हाय." इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला कुठल्या मासिकात आली नाही. प्रकाशकांना त्याच दिवशी फोन केला. पुढच्या आवृत्तीत शेळी काळी होणार आहे. पुढची आवृत्ती कधी निघणार, ते मात्र विचारू नका.

घरच्यांबरोबरचा अनुभवही सांगायला हवा, कारण हे वाचनालय शाळेइतकंच शेतातही वापरलंय. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमचं सगळं खटलं शेतात जमतं. पुण्याचे, लातूरचे, गावातले. सकाळी कोपीची, म्हणजे कडब्याच्या खोपीची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. दुपारी मोठी माणसं आडवी होतात आणि मुलं मोबाईलच्या मागं लागतात. यंदा मी लिंबाच्या फांदीला हे टांगून ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाही. बोललं की मुलं येत नाहीत, हे मला लेखिका म्हणून नाही तर आजी म्हणून माहीत आहे.

पहिल्या उठल्या त्या माझ्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. खिशांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, बाजारात वांगी निवडावीत तशी दोन-तीन पुस्तकं काढून परत ठेवली, आणि बैलगाडीचं चित्र असलेलं एक घेऊन आल्या. "वाचा रे कुणी." पुण्याचा नातू इंग्रजी शाळेतला, जोडाक्षर आलं की अडायचा. गड्याचा मुलगा त्याच्याच वयाचा. तो शेजारी येऊन बसला आणि अडलं तिथं सांगू लागला. मग हळूहळू वाचणारा तोच झाला, आणि नातू चित्रं दाखवणारा. सासूबाई मधेच दोघांना थांबवून गाडीचा कुठला भाग चुकीचा काढलाय ते सांगत होत्या. चित्रकारांचं आमच्याकडे काही खरं नाही. मुलांचे बाप घोरत होते, नाहीतर त्यांनाही बसवलं असतं.

त्याच दिवशी कुणाच्या तरी हातून आंबील सांडली आणि एक मोठा दोष उघडा पडला. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं. वाळवून पाहते तर खिसे आखडलेले, आडवी मोठी पुस्तकं आत जाईनात. कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून, वाळवून घ्यायला हवं होतं. ताई म्हणतात, तुम्ही घाई केली. मी म्हणते, तुम्ही सांगायचं होतं. हा वाद अजून मिटलेला नाही. दुसरा दोष धुळीचा आणि उंदरांचा. जाळीतून धूळ जाते, आणि रात्रभर टांगून ठेवलं तर उंदीर खालची ओळ कुरतडतात. शाळा सुटताना गुंडाळून डब्यात ठेवावं. पावसाळ्यात पडवीत टांगू नये. पुस्तकं फुगतात ती पुन्हा सरळ होत नाहीत.

याची एक धाकटी आवृत्ती आम्ही करून घेतली, आणि माझ्या मते मोठीपेक्षा तीच जास्त मोलाची. सहा खिसे, दोन ओळी, गुंडाळून नाड्यानं बांधायची, 300 रुपये. एका शिक्षकांनी सुचवलं म्हणून केली. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिली तर ठीक, पण पुष्कळशी बरोबर जातात, विशेषतः धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुली. फडाजवळच्या कोपीत कपाट कुठलं असणार? पण कोपीला मेढ असते आणि मेढीला हे टांगता येतं.

चौथीतल्या एका मुलीबरोबर एक संच दिला. सहा पुस्तकं, कसलीही नोंद नाही, सही नाही. गुढीपाडव्याच्या आसपास ती परतली. पाच पुस्तकं होती, कडा चुलीच्या धुरानं तपकिरी, एका पानावर पेन्सिलीनं बेरजा. उचलीचा, म्हणजे मजुरीपोटी आधी घेतलेल्या पैशांचा हिशोब असावा, अक्षर तिच्या बापाचं. सहाव्याचं विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या कोपीत जालन्याची पोरगी व्हती. तिला पाठ झालं ते. मंग तिलाच दिलं." ते पुस्तक माझं नव्हतं. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पाचापैकी चार गुण देईन. एक कापला तो आटण्याचा आणि उंदरांचा.

करून घ्यायचं असेल तर जूनमध्ये टेलरकडे जाऊ नका, गणवेशाची घाई असते. दिवाळीआधीही नको. ऑगस्ट बरा. माप तोंडी सांगू नका, घरातलं सगळ्यात मोठं आडवं पुस्तक आणि सगळ्यात लहान पुस्तक अशी दोन्ही बरोबर न्या. कापड भिजवलेलं, जाळी काळी, खिसा पाच इंच, काठी जाड. खालची ओळ जमिनीपासून हातभर वर राहील अशी सुतळी बांधा, नाहीतर रांगणारी मंडळी पुस्तकांचे कोपरे खातात. वरची ओळ मुलांच्या हाताबाहेर नको. आणि देणगीत आलेली संस्काराची पुस्तकं ठेवायचीच असतील तर वरच्या कोपऱ्यात ठेवा, देणगीदार आले की त्यांना लांबूनही दिसतील.