यॅमलमधली अवतरणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली गावांची नावे, पत्ते, फोन, गाड्यांच्या वेळा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत यॅमल (साध्या मजकुरात माहिती मांडून ठेवायचा प्रकार) फाइलीत ठेवायच्या असतील, तर हाताने लिहिलेला प्रत्येक मजकूर एकेरी अवतरणात टाका. पायथनच्या पायवायएमएलवर (यॅमल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) हे वापरून झालेले मत आहे.

उघडा, म्हणजे अवतरणाशिवायचा, मजकूर दिसायला सोपा, पण दगा देतो. सुटायची वेळ १०:३० उघडी लिहिली की ती साठाच्या हिशेबाने ६३० हा आकडा होते. ०९:३० मात्र शून्याने सुरू होते म्हणून मजकूरच राहते. त्यामुळे सकाळच्या गाड्या तपासून सगळे ठीक वाटते आणि दहानंतरच्या बिघडतात. हजेरी क्रमांक ०१२३ ऑक्टल (आठाच्या पायाची संख्या) समजून ८३ होतो. (हे सगळे इंग्रजी अंकांबद्दल, देवनागरी अंक मजकूरच राहतात.)

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ अधिक फसवा. त्यात ८ असल्याने पायवायएमएल त्याला ऑक्टल मानत नाही, मजकूर म्हणून वाचते आणि परत लिहितानाही अवतरण लावत नाही. तीच फाइल यॅमलच्या १.२ आवृत्तीचे नियम पाळणाऱ्या प्रोग्रामने उघडली की कोड ८३१ होतो, आणि एररही येत नाही.

पत्त्यात 'गणपत गल्ली, खूण: विहिरीजवळ' असे उघडे लिहिले तर कोलननंतरच्या जागेमुळे निदान एरर तरी येते. 'घर #४२' मध्ये मात्र # च्या आधी जागा असल्याने पुढचे सगळे टिप्पणी ठरते आणि घराचा नंबर गुपचूप गळतो.

एकेरीत एकच नियम: आतले ' दोनदा लिहायचे. बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. दुहेरी अवतरण फक्त एस्केप (बॅकस्लॅशने सुरू होणारे अक्षरांचे संकेत) हवे असतील तेव्हा. कन्नडमधला न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे चिन्ह) त्याच्या युनिकोड एस्केपने लिहिला तर निदान डोळ्यांना दिसतो; हाच एस्केप एकेरीत टाकला तर अक्षरशः तसाच छापला जातो.

लांब सूचनेसाठी | हे चिन्ह उत्तम, ओळी जशाच्या तशा राहतात. शेवटची नवी ओळ नको असेल तर |- वापरा. > ओळी जोडतो, म्हणून पत्त्यासाठी टाळा.

डंप करताना (माहिती यॅमलमध्ये लिहून काढताना) अलाऊ-युनिकोड पर्याय ट्रू ठेवा, नाहीतर सगळी मराठी-कन्नड नावे एस्केपच्या रांगा होऊन बसतात.