जुन्या पद्मिनीचं स्टेअरिंग: आधी बॉक्स की आधी खालचं काम?

मावसभावाने जुनी प्रीमियर पद्मिनी घेतलीय. पत्रा चांगला आहे, इंजिन गोड चालतंय, पण स्टेअरिंगचं काही खरं नाही, सिंहगड रोडला सरळ जाताना पण सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं. एक मेकॅनिक म्हणाला बॉक्स (स्टेअरिंगचा गिअरबॉक्स) खोलूया, दुसरा म्हणाला किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचा जॉइंट) टाका, टायरवाला म्हणाला अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, होईल सगळं. आता हा मला विचारतोय दादा पैसे नक्की कुठे घालू.

माझं मत सरळ आहे, बॉक्स सगळ्यात शेवटी. कारण मी उलटं करून बसलोय. माझ्या गाडीला असाच प्ले (ढिलेपणा) होता, गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून दिला, गल्लीतून फिरवलं तर एकदम टाईट, मी खूश. मग कात्रज घाटात वळण घेतलं आणि स्टेअरिंग आपोआप परत येईचना, हाताने ओढून सरळ करावं लागलं. त्याचं कारण असं की वर्मवाल्या (स्क्रूसारख्या गिअरच्या) बॉक्समध्ये झीज मधल्या भागात जास्त होते, गाडी सगळ्यात जास्त सरळच चालते ना. मधला प्ले जाईल एवढा स्क्रू आवळला की पूर्ण वळणाच्या बाजूला, जिथे दात अजून नवे आहेत, तिथे तो अडकतो. आणि खरा प्ले खाली आयडलरमध्ये (बॉक्सच्या दुसऱ्या बाजूला रॉड धरणारा आर्म) होता, तो होता तिथेच!

तर आधी प्ले कुठला आहे ते बघायचं, याला पैसे लागत नाहीत, एक माणूस लागतो फक्त. गाडी जमिनीवरच ठेवा, एकाने आत बसून स्टेअरिंग थोडंथोडं हलवायचं, पूर्ण फिरवायचं नाही, आणि तुम्ही बॅटरी घेऊन खाली बघायचं. स्टेअरिंगचा शाफ्ट फिरतोय पण बॉक्समधून निघालेला ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर प्ले बॉक्सचा. आर्म हलतो पण पुढचा रॉड उशिरा हलतो, तर मधला बॉल जॉइंट गेलाय. आयडलर वरखाली डुलत असेल तर त्याचा बुश (पिनभोवतीचं अस्तर). आणि एक गोष्ट बहुतेक लोक बघतच नाहीत, ती म्हणजे बॉक्सच बॉडीवर हलतोय का. बोल्ट ढिले असतात किंवा तिथला पत्रा तडकलेला असतो, तसं असेल तर नवा बॉक्स टाकून पण काही फरक पडत नाही.

मग चाक उचला. जॅक शक्यतो स्प्रिंग ज्या आर्मवर बसलंय त्याच्याखाली लावा, म्हणजे जॉइंटवरचा ताण जातो आणि प्ले लपत नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर आतल्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन नाहीतर आर्मचे बुश. ही ब्रेकवाली युक्ती माहीत नसल्यामुळे कितीतरी लोकांनी चांगले किंगपिन फेकलेत.

आता खर्चाचं बघू. खालचं सामान म्हणजे रॉड एंड, बुश, किंगपिन किट, हे पुण्यात नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरलात तर अजून मिळून जातं. पण किंगपिनचं खरं काम बसवण्यात आहे. बुश प्रेस करून नंतर पिनच्या मापाला रीमरने (भोक नेमक्या मापात कापणारं हत्यार) रीम करायचा असतो, कानशीने घासून ढिला बसवला तर थोड्याच दिवसांत परत खटखट सुरू, आणि टाईट बसवला तर स्टेअरिंग जड, म्हणून हे काम लेथ आणि रीमर असलेल्याकडेच द्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालेल. नवं टाकायच्या आधी ग्रीस निपल पण बघा. बरेचदा ते बुजलेलं असतं, गन लावली की ग्रीस बाहेरच्या बाहेर सांडतं आणि बिलात लिहितात ग्रीसिंग केलं म्हणून.

याउलट बॉक्समध्ये स्क्रू आवळणं फुकट आहे, पण वर्म आणि सेक्टर (वर्मला लागणारा दातेरी तुकडा) खरंच खाल्लेले असतील तर चांगला सेट मिळायलाच फिराफिर होते, आणि भंगारातून आणलेला बॉक्स तुमच्यापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो. म्हणून खालचं सगळं टाईट झाल्यावरही शाफ्ट आणि ड्रॉप आर्ममध्ये फरक दिसला, तरच बॉक्सला हात लावा. स्क्रू पण थोडा थोडा, आणि दर वेळी चाकं उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघत.

अलाइनमेंट आधी करणं म्हणजे पैसे पाण्यात. प्ले असलेल्या गाडीचा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीयत ते) मोजला तर मशीनवर एक आकडा आणि रस्त्यावर वेगळाच. ते सगळ्यात शेवटी. हां, साठ-सत्तरलाच थरथर येते आणि वेग बदलला की जाते असं असेल तर आधी बॅलन्सिंग करून बघा, स्वस्तात सुटाल. आणि फक्त ब्रेक मारल्यावर गाडी ओढत असेल तर स्टेअरिंगला हातच लावू नका, पुढचे ड्रम उघडा, व्हील सिलिंडर गळत असतो नाहीतर एका बाजूचं ब्रेक लायनर तेलकट झालेलं असतं.

मागचा ड्राइव्ह असल्यामुळे अजून एक फसवणूक आहे. अॅक्सिलरेटर दिला की गाडी एका बाजूला, सोडला की दुसऱ्या बाजूला जाते असं वाटलं तर दोष मागे शोधा. पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगचे) शॅकल बुश, म्हणजे टोकाच्या जोडाचे बुश, गेलेले असतात, यू-बोल्ट ढिले असतात किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलेला असतो. हात स्टेअरिंगवर असतो म्हणून आपण स्टेअरिंगला शिव्या घालतो.

अँबेसिडर किंवा ओम्नी असेल तर बॉक्स की खालचं हा प्रश्नच नाही, दोन्हीला रॅक-पिनियन आहे, म्हणजे बॉक्सऐवजी दातेरी दांडा. तिथे रॅकचे माउंटिंग आणि रॉड एंड बघायचे, ओम्नीला वरून स्ट्रटची (पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरची) वरची रबरं पण.

भावाला सांगितलंय रविवारी सकाळी येतो. जॅक माझ्याकडे आहे, दोन स्टँड तू आण, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी जात नाही.