ब्राझील नटचं तेल: घाणेवालीचा अभिप्राय

आधी भावाचं बोलून घेऊ. १०० मिलीची बाटली ८५० रुपयांना. पंचवटीत आमचा लाकडी घाणा आहे, आणि तेवढ्या पैशांत मी गिऱ्हाइकाला दोन लिटरच्या वर शेंगदाणा तेल देते. तेव्हा हे तेल कढईत ओतायचं असेल तर पुढचं वाचूच नका.

सूनबाईने गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून आणलं. काळपट काचेची बाटली, ते बरं केलं. रंग फिकट पिवळा, तळाशी गाळ नाही. तळहातावर थेंब चोळून वास घेतला तर आधी बदामासारखा गोडसर, मागाहून जरा मातीचा. खवटपणाचा मागमूस नाही. मी सगळ्यात आधी तेच बघते, कारण या बीमध्ये साठ-सत्तर टक्के तेल असतं आणि त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर. हवा, ऊन लागलं की असलं तेल बिघडायला वेळ लागत नाही. म्हणून माझी मोठी तक्रार: बाटलीवर एक्सपायरी आहे, पण तेल काढल्याची तारीख नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, इंपोर्टेड आहे." हे काय उत्तर झालं?

लेबलवर मूळ देश बोलिव्हिया लिहिलाय, म्हणून काहींना शंका येईल. येऊ देऊ नका. नाव ब्राझीलचं असलं तरी सोललेला माल सगळ्यात जास्त बोलिव्हियातूनच बाहेर जातो. झाड अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं, पन्नास मीटरपर्यंत उंच. फळाचं कवच लाकडासारखं टणक, वजन दोन किलोपर्यंत, आणि आत दहा ते पंचवीस बिया संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या. तिकडच्या पावसाळ्यात फळं आपोआप पडतात आणि लोक जंगलात जाऊन ती वेचतात. डोक्यात पडलं तर माणूस जागीच जाऊ शकतो. फुलांवर परागीकरण करायला जंगलातल्या मोठ्या मधमाश्या लागतात, त्यामुळे बागा लावून हे पीक फारसं साधत नाही. भाव चढा असण्याचं मला तरी हे पटणारं कारण वाटलं. सुरगाणा-पेठच्या रानात मोहफुलं वेचणाऱ्या बायांना यातले कष्ट समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता अंगाला लावायचं. थंडीत निफाडकडचा पारा उतरला की इथे पोटऱ्या पांढऱ्या पडतात, टाचा फुटतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना चार-पाच थेंब पुरतात. खोबरेल तेलापेक्षा कमी चिकट वाटलं आणि पातळाला डाग पडला नाही. टाचांच्या भेगा याने भरत नाहीत, कातडी मऊ राहते इतकंच. केसांना जड पडतं. सूनबाईचा चेहरा तेलकट, तिने तोंडाला लावणं सोडून दिलं. तयार लोशन किंवा कंडिशनर घेणार असाल तर घटकांच्या यादीत 'बर्थोलेटिया एक्सेल्सा सीड ऑइल' शोधा. ते अगदी शेवटी असेल तर नाममात्रच घातलंय असं समजा.

जाहिरातीत "सेलेनियमने भरपूर" असं ठळक छापलंय. हे मला खटकलं. सेलेनियम त्या बीमध्ये असतं खरं, एका दाण्यातच दिवसाची गरज भागून वर उरेल इतकं. पण ते असतं प्रथिनांत, म्हणजे घाणा चालला की ते पेंडीबरोबर जाणार. तेलात नावापुरतंच उतरतं. सेलेनियमच हवं असेल तर दाणा खा, तोही एखादाच, मूठभर नको.

खायला मात्र झकास आहे. फोडणीला घालून बघितलं, सगळा वास धुरात गेला. कच्चंच घ्या. बाजरीच्या भाकरीवर खुरासणीची चटणी, तिच्यात आळं करून चमचाभर हे तेल, म्हणजे चटणीचा कडवटपणा गोडसर होतो. काकडीच्या कोशिंबिरीवरही चांगलं लागलं. मिसळीच्या तर्रीशी याचा काही संबंध नाही, कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

काजू-बदाम सोसत नसतील त्यांनी हे खाऊही नये आणि लावूही नये. घाण्याच्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो. बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवा. शेंगदाणा तेलासारखंच थिजून गढूळ दिसेल, बाहेर काढलं की निवळतं. मी परत घेईन ते ५० मिलीचं मिळालं तरच, आणि तारीख छापलेली असली तर.