सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर: लोकल पार्ट कुठला चालतो, कुठला नाही

पावसाळा लागला की मुंबईत सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरला उसंत नसते, आणि नेमका तेव्हाच तो घुं-घुं करत जागच्या जागी बसतो. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं की तीन वस्तू हमखास पुढ्यात येतात: ड्रायर सील (टबाखालून पाणी गळू न देणारं रबर), कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला लागतो तो) आणि ब्रेक वायर (झाकणापासून ड्रायरच्या ब्रेकपर्यंत जाणारी). प्रत्येकीचे दोन भाव, 'कंपनीचा' आणि 'लोकल'. ब्रेक वायर खुशाल लोकल घ्या. कपॅसिटर बघून घ्या. सीलमध्ये मात्र पैसे वाचवायला जाल तर मोटर जाईल.

आधी बिघाड नक्की करा. प्लग काढा, मागचं कव्हर उघडा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो, म्हणून त्याच्या कॉमन (तीन टोकांपैकी सामाईक) टोकापासून बाकीच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने जुना पिवळा बल्ब लावून तो उतरवा. मग ब्रेकचा लिव्हर हाताने ओढून धरा आणि खालचं कपलिंग (मोटर आणि टबाचा शाफ्ट जोडणारा भाग) फिरवून बघा. मोकळं फिरलं आणि तरी मोटर नुसती गुणगुणत होती, तर संशय कपॅसिटरवर. जड फिरलं तर ब्रेक सुटत नाही किंवा शाफ्ट गंजलाय. आवाजच येत नसेल तर झाकणाखालचा स्विच, टायमर आणि वायरिंग मल्टिमीटरने तपासा. झाकण बंद असताना स्विच शून्याच्या आसपास ओहम दाखवायला हवा. तळाची जाळी फाटलेली असेल तर उंदराने वायर कुरतडलीय का तेही बघा. तळमजल्यावरच्या घरांत तर पहिल्यांदा तेच.

कपॅसिटर बहुधा तीन वायरींचा, जोडमापाचा असतो. १०+५ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट असं लिहिलं असेल तर १० वॉशच्या मोटरला आणि ५ ड्रायरला. लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, हा सहज मिळतो, पण काउंटरवरच मीटर लावून मोजून घ्या. ५ चा कपॅसिटर ४.७५ ते ५.२५ च्या मधे यायला हवा. स्वस्तातले काही नवेकोरे असूनही कमी भरतात, ते तिथेच परत करा. 'मोठा टाका, जोरात फिरेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वेग वाढत नाही, स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि मोटर तापते. वायरी उलटसुलट जोडल्या तरी तोच प्रकार होतो, म्हणून जुना सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता सील. ड्रायरच्या टबाखाली जिथून शाफ्ट खाली उतरतो तिथे ही रबराची वस्तू बसते, आणि बऱ्याच मशीनमध्ये तिच्यात पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) असतो. सील गळलं की पाणी थेट ब्रेकवर आणि मोटरवर. मोटर जळाली म्हणून बदलतात, सील तसंच ठेवतात आणि नवी मोटरही त्याच वाटेने जाते. लोकल सीलचा दोष बहुधा बुशात असतो. तो सैल असला की टब डुलतो आणि सीलची कड एका बाजूने झिजते. म्हणून जुनं सील सोबत न्या, शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या. दुकानात कड बोटाने दाबून बघा: रबर मऊ आणि सगळीकडे सारखं हवं, साच्याचा चिरा नको.

बसवताना कपलिंगचा लॉकनट आणि बोल्ट सैल करा, बहुतेक ठिकाणी दहाचा पाना चालतो. आतला फिरणारा टब सरळ वर उचलून काढा. गंजाने अडकला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा, हातोडीने ठोकू नका. शाफ्टवर सीलची कड टेकते तो पट्टा बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नखाला खड्डे लागत असतील तर कंपनीचं सीलही गळणार, शाफ्टच बदलावा लागेल. कडेच्या आत पाण्याला टिकणारं ग्रीस भरा (खोबरेल तेल डोक्यालाच ठीक). परत बसवताना बोल्टचं टोक शाफ्टच्या खाचेतच बसलं पाहिजे, नाहीतर मोटर फिरते आणि टब स्वस्थ बसतो.

कव्हर लावण्याआधी ड्रेन पाइप वर टांगा, ड्रायरच्या टबात दोन-तीन लिटर पाणी ओता आणि दहा मिनिटं टॉर्चने खालून बघा. पाइप जमिनीवर पडलेला असेल तर पाणी निघून जाईल आणि सील चांगलं की वाईट ते कळणारच नाही.

ब्रेक वायरचं फार काही नाही. लांबी जुन्या वायरीइतकी असावी, झाकण बंद असताना ब्रेक पूर्ण सुटावा आणि उघडताच टब पटकन थांबावा. जळका वास आला तर ब्रेक घासतोय. धडधड मात्र यांपैकी कशानेच जाणार नाही: आपल्याकडच्या बाथरूमची फरशी जाळीकडे उतरती असते, तेव्हा मशीनचे पाय आधी समतल करा, मग मोटरखालच्या स्प्रिंगा आणि त्यांची रबरं बघा. ओल्या जागेतलं काम आहे, तेव्हा अर्थिंग नीट हवं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवा.

मोटर जळालीच असेल तर लोकल मोटर घेताना वाइंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं हे स्पष्ट विचारा, शाफ्टचा व्यास जुळवा आणि 'तांबं' असं बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर पुढचं दुकान बघा.